वाचकांचे प्रश्न : आतड्यांचा दाहविकार, नवी औषधे आणि प्राण्यांवरील चाचण्या

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकारांवर एखादे नवे औषध ‘उंदरांमध्ये यशस्वी’ ठरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्या वाचून रुग्णांच्या घरात आशाही निर्माण होते आणि संभ्रमही. त्यातली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगीपणासाठी वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस असून तो मेसालामाइनच्या गोळ्या घेतो आणि सध्या त्याला बरे आहे. एका नातेवाइकांनी मोबाइलवर बातमी पाठवली, की एका नव्या द्रव्याने उंदरांचा कोलायटिस दहा दिवसांत पूर्ण बरा झाला. हे औषध आपल्याकडे कधी मिळेल? तोपर्यंत या गोळ्या थांबवून वाट पाहावी का? — एक आई, सांगली

उत्तर : सर्वांत आधी, गोळ्या थांबवू नका. मुलाला बरे वाटते आहे ते या गोळ्या चालू असल्यामुळेही असू शकते, आणि त्या स्वतःच्या मनाने सोडल्या तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. औषधात कोणताही बदल करायचा तर तो त्याच्या पोटाच्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

आता त्या बातमीविषयी. उंदराला हा आजार सहसा आपण होऊन होत नाही. तो प्रयोगासाठी मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि कसा निर्माण केला यावर त्या प्रयोगातून काय कळू शकते हे ठरते. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, ज्याला प्रयोगशाळेत सगळे डीएसएस म्हणतात, ते उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळणे. १९९० मध्ये जपानमधील ओकायासू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये ही पद्धत वर्णन केली. साधारण दोन ते पाच टक्के प्रमाणात हे पाणी पाच ते सात दिवस दिले, की मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला इजा होते, तेथे एरवी शांतपणे राहणारे जिवाणू आतल्या थरांपर्यंत पोहोचतात, दाह सुरू होतो, शौच पातळ होऊन त्यात रक्त दिसू लागते आणि उंदराचे वजन घटते. पद्धत स्वस्त, सोपी आणि बऱ्यापैकी खात्रीची असल्याने जगभरात तिचा वापर होतो.

मात्र हे पाणी बंद करून साधे पाणी दिले, की उंदीर बहुधा दोन-तीन आठवड्यांत कोणत्याही औषधाशिवाय सावरतो. त्यामुळे ‘दहा दिवसांत बरा झाला’ या वाक्याचे वजन, औषध न दिलेले उंदीर त्याच दहाव्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते, हे कळल्याशिवाय ठरवता येत नाही. आपल्या मुलाच्या आतड्यातील दाह कोणी पाण्यात मिसळलेल्या द्रव्याने झालेला नाही, आणि तो आपोआप थांबणाराही नाही. भाजलेली त्वचा आणि वर्षानुवर्षांचा इसब यांत जे अंतर आहे, तसेच अंतर या दोन दाहांत आहे. भाजलेली त्वचा लवकर भरून आणणारे मलम उपयोगाचे असू शकते, पण त्याने इसब जाईल असे त्यावरून म्हणता येत नाही.

‘कधी मिळेल’ याचे उत्तर नेमक्या तारखेने देता येत नसले, तरी यशस्वी झालेल्या औषधांचा प्रवास पाहता येतो. १९९५ मध्ये अमेरिकेतील न्यूराथ, स्ट्रोबर आणि सहकाऱ्यांनी इंटरल्युकिन-१२ या संदेशवाहक प्रथिनाला रोखणारे प्रतिपिंड दिल्यावर उंदरांमधील कोलायटिस मागे हटतो, असे दाखवले. याच प्रथिनाच्या एका घटकाला रोखणारे उस्टेकिनुमॅब हे औषध क्रोन्ससाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाले. म्हणजे मधे एकवीस वर्षे गेली, आणि ही कथा यश मिळालेल्या औषधाची आहे. उंदरांमध्ये चांगली दिसलेली बहुतेक द्रव्ये माणसांपर्यंत पोहोचतच नाहीत.

प्रश्न : माणसाखेरीज कोणत्या प्राण्याला हा आजार नैसर्गिकरीत्या होतो का? होत असेल तर औषधे त्याच प्राण्यावर का तपासत नाहीत? — एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : कुत्र्यामांजरांना दीर्घकाळ टिकणारा आतड्यांचा दाह होतो आणि पशुवैद्य त्यावर उपचारही करतात. पण आपल्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर कोलंबियाच्या वायव्येकडील जंगलांत राहणाऱ्या, जेमतेम अर्धा किलो वजनाच्या, डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका असलेल्या एका माकडाच्या इतिहासात आहे. त्याला कॉटन-टॉप टॅमरिन म्हणतात. बंदिवासात ठेवलेल्या या माकडांपैकी अनेकांना आपोआप कोलायटिस होतो, तो माणसाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी बराच जुळतो, आणि माणसाप्रमाणेच त्यातून पुढे काहींना मोठ्या आतड्याचा कर्करोगही होतो.

या माकडांमुळे आजच्या रुग्णांना खरोखरीचा लाभ झाला आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी आतड्यात शिरताना ज्या रेणूच्या आधाराने तेथे थांबतात, त्या रेणूला अडवले तर दाह कमी होईल, ही कल्पना १९९० च्या दशकात त्यांच्यावर तपासली गेली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आतड्याकडे जाणाऱ्या पेशींवरील अल्फा-४ बीटा-७ या रेणूविरुद्धचे प्रतिपिंड दिल्यावर टॅमरिनांचा जुनाट कोलायटिस झपाट्याने ओसरला. त्याच प्रतिपिंडाचे मानवी शरीरास मानवेल असे रूप म्हणजे आज वापरात असलेले व्हेडोलिझुमॅब, जे २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आजार आपोआप झालेला, जुनाट, आणि औषध आजार झाल्यानंतर दिलेले, हे तिन्ही त्या प्रयोगात जुळून आले होते, आणि त्याचा निष्कर्ष माणसात टिकण्यामागे याचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

याची दुसरी बाजू मात्र फार वेदनादायक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वीस ते चाळीस हजार टॅमरिन वैद्यकीय संशोधनासाठी अमेरिकेला नेले गेल्याचा अंदाज आहे. १९७० च्या दशकात त्यांच्या निर्यातीवर बंदी आली, पण तोपर्यंत जंगलतोडही चालूच होती आणि आज हा प्राणी अतिसंकटग्रस्त गणला जातो. जो प्राणी आजाराने आपल्याला सर्वांत जवळचा ठरला, त्याच्यावर आता प्रयोग करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून संशोधक पुन्हा उंदराकडे वळतात.

प्रश्न : मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. उंदरांमध्ये गुणकारी ठरलेली औषधे माणसांत का फसतात, याची आतड्यांच्या दाहविकारातील काही ठोस उदाहरणे मिळाली तर विद्यार्थ्यांना सांगता येतील. — एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : पहिले उदाहरण इंटरल्युकिन-१० चे. हे प्रथिन दाहाला आवर घालते. १९९३ मध्ये जर्मनीतील कून, म्युलर आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्या उंदरांना आपोआप आतड्यांचा दाह झाला. यावरून हे प्रथिन बाहेरून दिले तर रुग्ण बरे होतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण क्रोन्सच्या रुग्णांना त्याची इंजेक्शने देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लक्षात येईल असा लाभ दिसला नाही. तरीही उंदराने चुकीची माहिती दिली होती असे म्हणता येणार नाही. २००९ मध्ये, अगदी तान्ह्या वयात अतिशय तीव्र आतड्यांचा दाह झालेल्या काही बालकांमध्ये इंटरल्युकिन-१० च्या ग्राहकाचे, म्हणजे पेशीवरील ज्या रेणूला हे प्रथिन जुळते त्याचे, जनुक सदोष असल्याचे आढळले, आणि त्यांतील एका बालकाचा आजार मूळपेशींच्या प्रत्यारोपणानंतर आटोक्यात आला. उंदराने एका दुर्मीळ आजाराचे अचूक वर्णन केले होते. ते सर्वांच्या क्रोन्सचे वर्णन आहे असे आपण गृहीत धरले होते.

दुसरे उदाहरण इंटरल्युकिन-१७ चे. येथे प्राण्यांमधील प्रयोगच एकमेकांशी जुळत नव्हते. टीएनबीएस नावाचे रसायन गुदमार्गे देऊन घडवलेल्या दाहात या प्रथिनाचा ग्राहक नसलेले उंदीर सुरक्षित राहिले, तर डीएसएसच्या प्रयोगात या प्रथिनाला निष्प्रभ केल्यावर दाह वाढला. सोरायसिसमध्ये उत्तम काम करणारे, याच प्रथिनाला रोखणारे सेक्युकिनुमॅब क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा, २०१२ च्या अहवालानुसार, लाभ तर झाला नाहीच, उलट औषध घेणाऱ्यांची अवस्था औषध न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली आणि बुरशीचे संसर्ग अधिक दिसले. अस्तर दुखावले गेले असता ते सांधण्याच्या कामी हे प्रथिन उपयोगी पडते, असा अर्थ आज लावला जातो. विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे, कारण येथे उंदरांमधील इशारा उपलब्ध होता, पण दोन विरुद्ध उत्तरांपैकी आपल्या अपेक्षेशी जुळणारे उत्तर अधिक जवळचे वाटण्याचा धोका संशोधनात नेहमीच असतो.

तिसरे उदाहरण मोंगर्सेनचे, आणि ते सर्वांत अधिक अस्वस्थ करणारे आहे. या औषधाची कल्पना उंदरांमध्ये यशस्वी ठरली होती, आणि २०१५ मध्ये क्रोन्सच्या १६६ रुग्णांवरील चाचणीतही ते अतिशय प्रभावी दिसले. मोठ्या मात्रेच्या गटात जवळपास ६५ टक्के रुग्णांना लक्षणांपासून मुक्ती मिळाली, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. मात्र २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी लाभ दिसण्याची शक्यता नसल्याने थांबवावी लागली. आधीच्या चाचणीत यश मोजले गेले ते रुग्णांनी सांगितलेल्या लक्षणांच्या आधारे. दुर्बिणीतून आतड्याचे व्रण भरले का, हे त्यात तपासलेले नव्हते. प्राण्यांच्या पायरीवर जी काळजी घ्यायची, तीच माणसांच्या पहिल्या पायऱ्यांवरही घ्यावी लागते, हे यातून स्पष्ट दिसते.

आणखी एक मुद्दा विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसतो. क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मान्य झालेले इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखते, पण ते मानवी टीएनएफला चिकटते, उंदराच्या टीएनएफला चिकटत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष हेच औषध साध्या उंदरावर तपासणे निरर्थक ठरले असते. मानवी टीएनएफचे जनुक बसवलेले उंदीर किंवा उंदराच्या टीएनएफविरुद्धचे वेगळे प्रतिपिंड वापरूनच त्या कल्पनेची परीक्षा घ्यावी लागते. ‘प्राण्यांवर तपासले’ या शब्दांत नेमके कोणते द्रव्य कोणत्या प्राण्यावर तपासले, हे अनेकदा झाकले जाते.

प्रश्न : मला क्रोन्स आहे. इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्याआधी डॉक्टरांनी क्षयरोगाच्या तपासण्या सांगितल्या आणि छातीचा एक्स-रे काढला. मला क्षय कधीच झालेला नाही. या तपासण्या कशासाठी? आणि हा धोका प्राण्यांवरील चाचण्यांत आधीच कळला नव्हता का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी अत्यंत आवश्यक तेच केले आहे. आपल्या देशात क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त अवस्थेत असतात आणि शरीर त्यांना पेशींच्या गाठींमध्ये कोंडून ठेवते. या कोंडवाड्याच्या भिंती टिकवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो, त्यामुळे टीएनएफ रोखल्यास सुप्त क्षय जागा होऊ शकतो. शिवाय लहान आणि मोठे आतडे जेथे जुळते तेथील क्षय आणि क्रोन्स हे दिसायला इतके सारखे असतात, की भारतात या दोहोंत फरक करणे हीच पोटाच्या डॉक्टरांपुढील एक मोठी कसोटी असते. क्षयाला क्रोन्स समजून हे औषध दिले गेले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की प्राण्यांनी हे आधीच सांगितले होते. १९९५ मध्ये जोअ‍ॅन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी, टीएनएफचा ग्राहक नसलेले किंवा टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलेले उंदीर क्षयाच्या संसर्गापुढे टिकत नाहीत, हे दाखवले होते. औषध बाजारात आले १९९८ मध्ये, आणि २००१ मध्ये अमेरिकेतील औषध नियामकांकडे आलेल्या नोंदींवरून इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यानंतर ही तपासणी जगभर रूढ झाली. हा प्रयोग आतड्यांच्या दाहाचा नव्हता. तो संसर्गाच्या अभ्यासकांनी केला होता. एखाद्या औषधाचा धोका शोधायचा असेल, तर ज्या आजारासाठी ते दिले जाणार आहे त्याच्या प्रयोगांपुरते न पाहता, ते ज्या प्रथिनाला रोखते त्याची शरीरात आणखी कोणकोणती कामे आहेत हेही पाहावे लागते.

सगळे धोके मात्र असे आधी दिसत नाहीत. नॅटॅलिझुमॅब या औषधामुळे जेसी विषाणूने होणारा मेंदूचा गंभीर आजार काही रुग्णांना झाला आणि २००५ मध्ये ते काही काळ बाजारातून मागे घ्यावे लागले. तो विषाणू माणसाचाच असल्याने प्रयोगशाळेतील उंदरावर हा धोका दिसण्याची शक्यताच नव्हती.

प्रश्न : हळदीने उंदरांचा कोलायटिस बरा होतो असे वाचले. मग रोज दुधातून हळद घेतली तर औषधांची गरज उरेल का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : हळदीतील करक्युमिन या घटकाने डीएसएस आणि टीएनबीएस अशा दोन्ही प्रकारच्या प्रयोगांत उंदरांचा दाह कमी होतो, हे खरे आहे. माणसांवरही काही चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. २००६ मध्ये जपानमध्ये, शांत अवस्थेतील अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज दोन ग्रॅम करक्युमिन दिले असता आजार उलटण्याचे प्रमाण कमी झाले. २०१५ च्या एका चाचणीत मेसालामाइनबरोबर रोज तीन ग्रॅम देऊन सौम्य ते मध्यम आजारात लाभ दिसला. दोन्ही ठिकाणी नेहमीचे औषध बंद केलेले नव्हते, हे लक्षात ठेवावे. दुसरीकडे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी रोज ४५० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत करक्युमिन देऊन पाहिले, तेव्हा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्याचा उपयोग झाला नाही.

हळदीच्या पुडीत करक्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्के असते. दोन ग्रॅम करक्युमिनसाठी सुमारे पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद रोज खावी लागेल, जे कोणालाही शक्य नाही. दुधातील चिमूटभर हळद आवडत असेल आणि दूध पचत असेल तर ती अवश्य घ्यावी, पण तिला औषध मानू नये. जास्त मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

प्रश्न : मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका वनस्पतीच्या अर्काचा डीएसएस कोलायटिसवर होणारा परिणाम हा माझा प्रबंधाचा विषय आहे. अर्क डीएसएसच्या आधी आठवडाभर सुरू करून पुढे चालू ठेवायचा असे ठरले आहे. प्रयोग अधिक भक्कम व्हावा यासाठी काय करावे? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : प्रयोग सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारलात, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण प्राण्यांवर केलेल्या प्रयोगातील त्रुटी मागाहून दुरुस्त करता येत नाहीत.

अर्क आधीपासून दिल्याने आपण प्रतिबंधाची परीक्षा घेता, उपचाराची नाही. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो आजार झाल्यावर. म्हणून शक्य असल्यास एक गट असा ठेवावा, ज्यात दाहाची लक्षणे दिसू लागल्यानंतर अर्क सुरू होईल. पहिल्या उत्तरात उल्लेखलेल्या १९९५ च्या प्रयोगाचे महत्त्व यातच होते, की तेथे प्रतिपिंड आजार जडल्यानंतर दिले गेले होते. आपल्याला तसा गट ठेवणे शक्य नसेल, तर प्रबंधाच्या शीर्षकात आणि निष्कर्षात ‘प्रतिबंधक’ हाच शब्द वापरावा आणि ‘उपचारात्मक’ हा शब्द टाळावा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. डीएसएस पाण्यातून जाते. अर्क दिलेले उंदीर कोणत्याही कारणाने, भूक मंदावल्याने, मळमळल्याने किंवा मलूल झाल्याने, कमी पाणी प्यायले तर त्यांच्या पोटात डीएसएसच कमी जाईल, त्यांचा दाह सौम्य राहील, आणि अर्क गुणकारी असल्याचा भास होईल. प्रत्येक पिंजऱ्यातील पाण्याची बाटली रोज ठरावीक वेळी मोजावी आणि ते आकडे प्रबंधात छापावेत. अर्क पाण्यात न मिसळता नळीने तोंडावाटे द्यावा. औषध नसलेल्या गटालाही अर्काचे माध्यम, म्हणजे अर्क ज्या द्रवात मिसळला आहे तो नुसता द्रव, त्याच पद्धतीने द्यावे, कारण रोजच्या हाताळणीचा ताणही वजनावर परिणाम करतो.

तिसरी गोष्ट पिंजऱ्यांची. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातील सर्वांच्या आतड्यांतील जिवाणू हळूहळू सारखे होतात, आणि कोलायटिसची तीव्रता या जिवाणूंवर फार अवलंबून असते. इंटरल्युकिन-१० नसलेले उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले तर त्यांना कोलायटिस होतच नाही, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात येईल. अर्काच्या गटाचे सगळे उंदीर एका पिंजऱ्यात आणि दुसऱ्या गटाचे दुसऱ्यात ठेवले, तर दिसलेला फरक अर्काचा की पिंजऱ्याचा, हे सांगता येणार नाही. प्रत्येक गट अनेक पिंजऱ्यांत विभागावा आणि कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकावे तसे यदृच्छेने ठरवावे. उंदरांची संख्या संख्याशास्त्रज्ञाशी आधीच बोलून ठरवावी.

वजन, शौचाचा घट्टपणा आणि रक्तस्राव यांचे गुण देऊन दाहाचा निर्देशांक काढताना, तसेच सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची तपासणी करताना, गुण देणाऱ्याला उंदीर कोणत्या गटातील आहे हे माहीत नसावे. तुलनेसाठी मेसालामाइन किंवा सल्फासलाझिन दिलेला एक गट ठेवावा. डीएसएसचा रेणुभार आणि उत्पादनाचा बॅच क्रमांक नोंदवावा, कारण वेगवेगळ्या बॅचमधील डीएसएसची तीव्रता वेगवेगळी निघते. टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांनाही डीएसएसने कोलायटिस होतो, हे १९९४ मध्येच दाखवले गेले आहे. म्हणून या एका प्रयोगावरून ‘अर्क टी पेशींवर काम करतो’ असा निष्कर्ष काढू नये. तसा दावा करायचा असेल तर निरोगी उंदराच्या विशिष्ट टी पेशी, स्वतःच्या टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरात सोडून काही आठवड्यांनी होणाऱ्या दाहाचा प्रयोग करावा लागतो. १९९३ पासून वापरात असलेली ही पद्धत खर्चाची आहे, आणि ती आपल्या आवाक्यात नसेल तर तो दावा सोडून देणे हेच प्रामाणिक ठरेल.

मात्रेविषयी एक सूचना. उंदराला प्रतिकिलो दिलेली मात्रा माणसाच्या वजनाने थेट गुणू नये. शरीराच्या पृष्ठभागानुसार ती साधारण बाराने भागावी लागते. उंदराला प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम दिले असतील, तर साठ किलोच्या माणसासाठी ती मात्रा सुमारे ५०० मिलिग्रॅम होते, सहा ग्रॅम होत नाही. आणि अर्काचा परिणाम दिसला नाही, तरी प्रबंध तितक्याच तपशिलाने लिहावा. तो कोणी वाचला तर तोच प्रयोग पुन्हा करून आणखी काही उंदीर खर्ची पडणार नाहीत.

प्रश्न : इतक्या प्राण्यांना यातना देऊन हाती एवढे थोडे लागत असेल, तर हे प्रयोग थांबवता का येत नाहीत? यावर देखरेख कोण करते, आणि माझ्यासारख्या सामान्य नागरिकाला त्यात काही करता येते का? — एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : आपली व्यथा मला पटते. कोलायटिस झालेला उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसतो, त्याचे केस विस्कटतात, तो खात नाही. ही वेदना खरी आहे, आणि ज्या प्रयोगाची रचनाच सदोष आहे त्यासाठी ती देणे मला अक्षम्य वाटते.

प्राण्यांशिवाय काही मोठे शोध लागले आहेत. सल्फासलाझिन हे या आजारावरील पहिले खरे उपयुक्त औषध स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास मुळात सांधेदुखीसाठी वापरात आणले आणि रुग्णांमध्येच त्याचा कोलायटिसवरील गुण दिसला. त्यातील नेमका कोणता घटक काम करतो, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्ड येथे बांगलादेशचे आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना सल्फासलाझिन आणि त्याचे दोन घटक अशी तिन्ही द्रव्ये एनिमाद्वारे देऊन शोधले, आणि त्यातून मेसालामाइन हे वेगळे औषध पुढे आले. दुसरी आशा प्रयोगशाळेत वाढवलेल्या सूक्ष्म आतड्यांची आहे. नेदरलँड्समधील सातो आणि क्लेव्हर्स यांनी २००९ मध्ये एका मूळपेशीपासून आतड्याच्या अस्तराची रचना वाढवून दाखवली, आणि आता रुग्णाच्या दुर्बीण तपासणीत घेतलेल्या तुकड्यापासूनही ती वाढवता येते. अस्तर कसे भरून येते, हे अशा रचनेत चांगले पाहता येते. मात्र तिच्यात रक्तप्रवाह, मज्जातंतू आणि यकृत नसते. नव्या औषधाची पहिली मात्रा माणसाला देण्याआधी ते संपूर्ण शरीरात काय करते हे पाहण्यासाठी आज तरी प्राण्यांचा पूर्ण पर्याय उपलब्ध नाही. संख्या मात्र पुष्कळ कमी करता येईल, आणि ती कमी व्हायला हवी. भारतात मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी अशा पद्धतींनी मिळवलेली माहिती स्वीकारण्याची वाट मोकळी झाली आहे. अमेरिकेने असाच कायदा २०२२ च्या डिसेंबरमध्ये केला.

देखरेखीविषयी सांगायचे तर, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली केंद्र सरकारची एक समिती काम करते. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि संस्थेत प्राणी नैतिकता समिती स्थापन करावी लागते. तिच्या मंजुरीशिवाय एकाही प्राण्यावर प्रयोग करता येत नाही. प्राण्याऐवजी दुसरी पद्धत चालेल का, संख्या कमी करता येईल का आणि यातना कमी करता येतील का, ही १९५९ मध्ये ब्रिटनच्या रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन सूत्रे तेथे प्रत्येक प्रस्तावाला लावली जाणे अपेक्षित असते. कोलायटिसच्या प्रयोगात उंदराचे वजन साधारण वीस टक्के घटले, की त्याला आणखी त्रास न देता वेदनारहित मरण द्यावे, अशी मर्यादा सहसा आधीच ठरवलेली असते.

आता आपण काय करू शकता. या प्रत्येक समितीवर केंद्रीय समितीने नेमलेला, वैज्ञानिक नसलेला आणि सामाजिक भान असलेला एक सदस्य असणे बंधनकारक आहे. ही जागा आपल्यासारख्यांसाठीच आहे. जवळच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून, अशा नेमणुकीसाठी केंद्रीय समितीकडे आपले नाव देता येईल का, ते पाहावे. त्या खुर्चीवर बसल्यावर विज्ञानाची पदवी नसल्याचा संकोच बाळगू नये. आतड्यांच्या दाहाचा प्रस्ताव समोर आला, तर हे औषध आजार होण्याआधी देणार की नंतर, गुण देणाऱ्याला गट माहीत असणार का, पाणी रोज कोण मोजणार, उंदीर इतकेच का आणि याहून कमी का नाहीत, आणि वजन किती घटल्यावर प्रयोग थांबवणार, हे प्रश्न मराठीतच विचारावेत आणि उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्यावीत.